खालचा हॉल

“घराची डागडुजी करायची आहे,” काका म्हणाले.

“घर विकायचं आहे,” काकू म्हणाल्या.

दोघं एकदमच बोलले. मी दोघांच्या मध्ये, पायरीवर, हातात मोजायची टेप घेऊन उभी होते. काका खाली हॉलमध्ये वेताच्या खुर्चीत बसलेले, काकू वर जेवणाच्या टेबलाशी. कुणाकडे तोंड करून बोलावं ते मला कळेना.

“खाली ये की, बस,” काका म्हणाले.

“वर ये गं. चहा इथं ठेवलाय,” काकू म्हणाल्या.

चहा वर होता म्हणून मी वर गेले, आणि बोलावणं काकांचं होतं म्हणून कप घेऊन खाली आले. पुढचे दोन महिने माझं त्या घरात हेच चाललं होतं.

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. मुंबईत एका मोठ्या आर्किटेक्टकडे नोकरी करून कोल्हापूरला परत आले होते आणि स्वतःचं म्हणावं असं पहिलं काम शोधत होते. बावडेकरांचं घर मला शाळेपासून माहीत होतं. अरुणोदय सोसायटीच्या गल्लीतून सायकलवरून जाताना मी त्या घरापाशी नेहमी पाय टेकवायची. साठ-एकसष्ट सालचं बांधकाम. सपाट स्लॅब, पोर्चचं छत दोन तिरक्या खांबांवर तोललेलं, जणू घर कुठेतरी निघायच्या बेतात आहे. जिन्याच्या भिंतीला सिमेंटची जाळी, तिच्यातून दुपारी ऊन पडलं की आत जमिनीवर चौकड्यांची सतरंजी पसरायची. कौलं नाहीत, कमानी नाहीत, कसली नक्षी नाही. तरी मान वळवून बघावं असं घर.

गल्लीत पूर्वी सगळीच घरं या वयाची होती. मी परत आले तेव्हा जेमतेम चार उरली होती. बावडेकरांच्या एका अंगाला सात मजली इमारत झाली होती, दुसऱ्या अंगाला पाया खणला जात होता. चार वाजले की शेजारच्या इमारतीची सावली त्यांच्या बागेत उतरायची. एक दिवस मी फाटकाबाहेरून फोटो काढत होते, तेव्हा काकाच बाहेर आले. बिल्डरचं माणूस समजून आधी रागावले. मी घराबद्दल बोलायला लागले तशी त्यांनी फाटक उघडलं.

यशोधन बावडेकर पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. सगळं आयुष्य धरणांवर आणि कालव्यांवर गेलं. हे घर मात्र त्यांनी स्वतः काढलं, स्वतः उभं केलं. तरुणपणी खात्याने त्यांना काही महिने चंदीगढला पाठवलं होतं. तिथली नवी घरं बघून डोकं फिरलं, असं ते सांगायचे.

त्यांचा खरा अभिमान होता तो हॉल. दारातून आत आलं की समोर जेवणाची जागा, तिच्यामागे स्वयंपाकघर, बाजूला खोल्या. आणि डाव्या हाताला, भिंतीएवढ्या रुंद तीन पायऱ्या उतरून, खालचा हॉल. मध्ये भिंत नाही, दार नाही. वर उभं राहिलं तर हॉलमधल्या माणसांच्या डोक्यांवरून थेट बाग दिसायची. पायऱ्या आणि हॉल एकाच राखाडी मोझॅकचे, कुठे सांधा कळत नसे. मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा त्या पायऱ्यांवर नुसती बसून राहिले होते.

“आवडल्या?” काकांनी विचारलं होतं.

“काका, या पायऱ्यांसाठी तरी हे घर राहायला पाहिजे.”

त्यावर ते इतके खूश झाले की काम मलाच मिळालं.

फक्त काकूंना ते काम नको होतं. मंदाकिनीकाकू ठेंगण्या, गोऱ्या, चटपटीत बोलणाऱ्या. माझ्याशी फार प्रेमाने वागायच्या, पण विषय घरावर आला की एकच पालुपद.

“फ्लॅट बघ कसा असतो. दार उघडलं की सगळं एका सपाटीत. लिफ्टने खाली, लिफ्टने वर. झाडलोट नाही, गळती नाही. म्हातारपणी कशाला हवा हा पसारा?”

“तुला बाग लागते,” काका खालून म्हणायचे.

“लागायची. आता नाही लागत.”

 हे ‘आता नाही लागत’ काकांना फार लागायचं, मला दिसायचं. एकदा बागेत भिंतीची ओल बघताना ते माझ्याशी बोलले. इंदूरला असलेल्या मुलीशीही हे बोलले नसतील.

“गौतमी, ती हल्ली हॉलमध्ये येतच नाही. वर्ष होईल. आधी रोज संध्याकाळी दोघं तिथं बसायचो. मी पेपर वाचायचो, ती पायरीवर बसून भाजी निवडायची. काही फार बोलायचो असं नाही. आता ती वर टेबलाशी बसते. मी बोलावलं की म्हणते, खाली गार लागतं. मी वर जाऊन बसलो की थोड्या वेळाने उठून आत जाते.” त्यांनी ओल्या भिंतीवरून बोट फिरवलं. “चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी माणूस माणसाला कंटाळत असेल का गं?”

 मी म्हणाले, “घर नीट झालं की येतील त्या.” मला खरंच तसं वाटत होतं. हॉलचा रंग उडाला होता, खिडक्यांची लाकडं फुगली होती. हे सगळं पूर्वीसारखं केलं की काकूंना पुन्हा घर आवडू लागेल, असा माझा हिशेब होता.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. काकू रोज सकाळी त्या तिन्ही पायऱ्यांच्या कडांवर रांगोळीची रेघ ओढायच्या. नक्षी नाही, पाकळ्या नाहीत. नुसती जाड, पांढरी, सरळ रेघ, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

“दाराबाहेर काढतात रांगोळी,” काका कुरकुरायचे. “घरात कुणी काढतं? चपलेखाली येऊन मोझॅकला चरे पडतात.”

“लक्ष्मी काय फक्त दारापर्यंतच येते होय?” काकू म्हणायच्या, आणि दुसऱ्या दिवशी रेघा पुन्हा हजर.

मलाही त्या रेघा आवडत नव्हत्या. त्या अखंड राखाडी उतरणीवर डोळ्याला टोचायच्या. म्हणून मोझॅकला पॉलिश करून बघायचं ठरलं, तेव्हा मी मशीनवाल्याला पायऱ्यांपासूनच सुरुवात करायला सांगितली. त्या दिवशी काका पेन्शनच्या कामाला बँकेत गेले होते. मशीन फिरलं, पाणी मारलं, पुसून काढलं. जुना मोझॅक इतका सुंदर उजळला की मशीनवालासुद्धा कमरेवर हात ठेवून बघत राहिला. तो जेवायला गेला. मी हॉलमध्ये मध्यभागी उभी राहून वर हाक मारली.

“काकू, जरा या ना! बघा तरी काय झालंय ते.”

काकू आतून आल्या. हातात ताटली होती, माझ्यासाठी थालीपीठ. चेहऱ्यावर हसू. आणि पायऱ्यांच्या तोंडाशी येऊन त्या थांबल्या.

कुतूहलाने थांबतो तसं नाही. नदीच्या काठावर पाण्याचा अंदाज नसलेला माणूस थांबतो, तशा. डावा पाय किंचित पुढे सरकवला, तळव्याने चाचपलं, मागे घेतला. पुन्हा सरकवला.  पण हसू तसंच होतं, माझ्याकडे वळवलेलं.

“काकू?”

“गौतमी,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “जरा हात दे गं.”

मी धावत वर गेले, ताटली घेतली आणि त्यांना पहिल्या पायरीवर बसवलं. 

“रेघा पुसल्यास होय तू?” त्या म्हणाल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

“काचबिंदू,” त्यांनीच सांगितलं. “मिरजेला बहिणीकडे गेले होते ना, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तपासलं. समोरचं दिसतं मला. तुझा चेहरा दिसतो, कानातलं दिसतं. पायाखालचं दिसत नाही. आणि सगळं एकाच रंगाचं असलं की कड कुठे संपते ते कळतच नाही. पांढरी रेघ असली की निदान मान खाली घालून शोधता येते. तरी दोनदा पडले.”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“थेंब घालायचे. आहे ते टिकवायचं. गेलं ते येत नाही, आणि हळूहळू आणखी जाणार.” हे त्यांनी दूध नासल्याचं सांगावं इतक्या सहज सांगितलं.

“काकांना माहीत नाही?”

“डोळे कोरडे पडतात म्हणून थेंब घालते, असं सांगितलंय. आणि तूही सांगायचं नाहीस. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला.”

“पण का काकू? ते काहीतरी करतील ना!”

“करतीलच की! उद्या सकाळी घण घेऊन पायऱ्या फोडायला बसतील. मला माहीत नाहीत होय ते?” काकूंनी पायरीवर हात फिरवला, एखाद्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. “चंदीगढला पाहिलं म्हणून पायऱ्या केल्या, असं सांगतात ना सगळ्यांना? खोटं आहे ते. लग्न झाल्यावर धरणावरच्या क्वार्टरमध्ये राहायचो आम्ही. पत्र्याची खोली. मला निवडणं-टिपणं उंबऱ्यावर बसून करायची सवय, आणि तिथं उंबऱ्यावर बसलं की येणारे-जाणारे खात्यातले लोक संकोचायचे. मग मी आत कोंडून घ्यायची. एकदा रडले. तेव्हा म्हणाले, आपलं घर बांधू तेव्हा तुला घराच्या आतच पायऱ्या करून देईन, ऐसपैस, कुणी उठ म्हणणार नाही. विसरले असतील असं वाटलं होतं मला. नकाशात पहिल्यांदा ह्या पायऱ्या काढल्या त्यांनी. मग बाकीचं घर.”

बाहेर शेजारच्या पायाच्या खड्ड्यात कुठेतरी काँक्रीटचा मिक्सर घरघरत होता.

“त्यांनी आयुष्यात एवढी एकच वस्तू स्वतःच्या मनाने केली,” काकू म्हणाल्या. “ती त्यांच्या हाताने मोडायला लावू? त्यापेक्षा घर सोडलेलं बरं. चारचौघांसारखं बिल्डरला दिलं म्हणतील. माझ्या डोळ्यांपायी गेलं असं तरी नको.”

शपथ घातलेली होती. पण त्या पायऱ्या तशाच ठेवून काम पुढे नेणं मला शक्य नव्हतं. दोन दिवस घरी बसून मी नवा नकाशा काढला आणि काकू शेजारी हळदीकुंकवाला गेलेल्या पाहून काकांसमोर हॉलमध्ये उलगडला.

काकांनी कागद नीट पाहिला. मग चष्मा काढला.

“पायऱ्या कुठे आहेत?”

“काढल्यात काका. हॉल आणि जेवणाची जागा एका पातळीवर घेतलीय.”

“का?”

मी पाठ करून आलेलं बोलले. आजकाल असंच करतात. जागा मोठी वाटते. साफसफाईला सोपं. बोलता बोलता माझाच आवाज मला परका वाटायला लागला.

“हे तू बोलतेस?” काका उठून उभे राहिले. माझ्याशी बोलताना कधी न चढलेला आवाज चढला. “या पायऱ्यांवर बसून राहिली होतीस तू! त्यांच्यासाठी घर राहायला पाहिजे म्हणाली होतीस. माझ्या घरात येऊन मलाच सपाटीचं कौतुक सांगतेस? मग बिल्डर काय वाईट होता?”

मी मान खाली घातली.  माझे डोळे भरून आले होते, आणि ते त्यांनी पाहिलं.

काकांचं बोलणं मध्येच थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, मग पायऱ्यांकडे. पॉलिश झाल्यानंतर काकूंनी पुन्हा ओढलेल्या रेघा तिथं होत्या. तिन्ही कडांवर, भिंतीपासून भिंतीपर्यंत. ते जवळ गेले, वाकले आणि पहिल्यांदाच त्या रेघांकडे इंजिनिअरसारखं पाहिलं.

“तिला दिसत नाही,” ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

मी काही सांगितलं नाही.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “तुला शपथ घातली असणार.”

काकू परत आल्या तेव्हा काका वर, जेवणाच्या टेबलाशी उभे होते. मी खाली, कागदाची गुंडाळी करत. निघून जावं की थांबावं हे न कळून तशीच राहिले.

“मंदा, इकडे ये.” इतक्या दिवसांत त्यांनी नावाने हाक मारलेली मी प्रथमच ऐकली. काकूही ऐकून थबकल्या. “माझ्याकडे बघ. मान हलवू नकोस. माझ्या हातात काय आहे?”

त्यांच्या हातात माझी मोजायची टेप होती. पिवळीजर्द, कमरेपाशी धरलेली.

काकू त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “काही नाही.”

काकांनी त्यांचा हात धरला आणि टेप त्यात ठेवली. काकूंची बोटं तिच्याभोवती मिटली. मग त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

“तिने काही सांगितलेलं नाही,” काका म्हणाले. “ते बिचारं पोर माझ्या शिव्या खात होतं. मला का नाही बोललीस?”

“तुम्ही पायऱ्या फोडल्या असत्या.”

“फोडल्याच असत्या!”

“म्हणूनच.”

“अगं, त्या तू बसावीस म्हणून केल्या. तू बसेनाशी झालीस तर मी त्यांची काय पूजा करू?”

काकूंना हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. “आणि मी फ्लॅट मागत होते तो? तिथं तुम्ही काय केलं असतं? दिवसभर गॅलरीत उभे राहिला असता.”

“राहिलो असतो उभा,” काका म्हणाले. “तू शेजारी असतीस ना! मला वाटलं, माझाच कंटाळा आलाय तुला.”

“तुम्ही जवळ आलात की आत पळायची मी. तुमच्यासमोर काहीतरी धडपडेन, याची धास्ती.”

मी हळूच पोर्चमध्ये जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळाने काका बाहेर आले. चेहरा धुतलेला, शर्टाची कॉलर ओली. हातात माझा नकाशा.

“तू पायऱ्या फोडायचं दाखवलंयस,” ते म्हणाले. “फोडायच्या कशाला? हॉलच भरून घेऊ. जन्मभर भराव घालण्यात गेला माझा. मुरमाचे थर टाकू, पाणी मारून ठोकून बसवू. वरून नवी जमीन. पायऱ्या राहू देत आत, जशा आहेत तशा.”

मला ते सुचलं नव्हतं. हॉलचं छत उंच होतं, भरावाने काही बिघडणार नव्हतं. उलट, कागदावर नवी पातळी आखली तेव्हा दिसलं की बागेकडच्या लांब खिडक्यांचे कट्टे आता जमिनीला जवळजवळ टेकणार होते. खाली बसलेल्या माणसालाही बाग दिसणार होती.

मग मी काकूंनाच विचारत सगळं ठरवलं. जमीन फिकट, तिला भिंतीलगत काळसर पट्टा, म्हणजे कड कळते. दारांच्या चौकटी गडद. ओट्याची कड रंगाने वेगळी. बागेत उतरायला पायरीऐवजी मंद उतार आणि हाताला कठडा. जाळी, तिरके खांब, स्लॅब, सगळं होतं तसंच राहिलं. फक्त धुतलं, सांधलं, रंगवलं.

मुरमाची गाडी आली त्या दुपारी काकांनी गड्यांना चहाला पाठवलं आणि काकूंना हात धरून पायऱ्यांवर आणलं. दोघं मधल्या पायरीवर बसले. मी खिडकीतून पाहिलं.  काकूंनी कुठूनशी मेथीची जुडी आणली होती आणि ती निवडत होत्या. जुडी संपली तेव्हा उठल्या. पहिली पाटी काकांनी स्वतः ओतली. पँटचे पाय दुमडून, गड्यांवर खेकसत, पाणी जास्त झालं म्हणून माझ्यावरही ओरडत ते पुढचे कित्येक दिवस तिथं उभे होते, जणू खात्यातून निवृत्त झालेच नव्हते.

काम संपलं त्या संध्याकाळी मला चहाला बोलावलं होतं. काका हॉलमध्ये खुर्चीत, मी खिडकीशी. आतून काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या. पूर्वी पायऱ्या सुरू व्हायच्या त्या जागी आल्या आणि सवयीने थांबल्या. काकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले, पण उठले नाहीत. काकूंनी एक पाय पुढे टाकला. टेकला. मग दुसरा. मग त्या सरळ चालत आल्या, ट्रे टेबलावर ठेवला आणि न थांबता तशाच पुढे खिडकीपर्यंत गेल्या.

“अहो, जास्वंद केवढी वाढलीय! छाटली नाहीत?”

“तू सांगितलं नाहीस,” काका म्हणाले. 

त्यानंतर काका सहा वर्षं जगले. गल्लीतली उरलेली घरं एकामागून एक गेली. काका गेल्यावर मुलीने काकूंना इंदूरला नेलं, पण महिन्याभरात त्या परत आल्या. “तिथं मला सगळे हाताला धरून फिरवतात,” मला म्हणाल्या. तोवर त्यांना समोरचंही दिसेनासं झालं होतं. स्वयंपाकाला बाई यायची, बाकी त्या एकट्या.

मी अधूनमधून जायची. असंच एकदा दिवस मावळल्यावर गेले. दार लोटलेलं, आत काळोख. चारी बाजूंच्या इमारतींमुळे त्या घरात अंधार लवकर शिरायचा. मी दारातूनच हाक मारली.

“कोण, गौतमी? ये ये. आणि अंधारात काय उभी आहेस! पाखरं केव्हाच गप्प झाली. थांब, दिवा लावते.”

स्वयंपाकघराकडून पावलं आली. भिंत न चाचपता, न अडखळता काकू सबंध हॉल ओलांडून पलीकडच्या भिंतीपर्यंत गेल्या आणि त्यांनी माझ्यासाठी बटण दाबलं.